दुर्मिळ पाहुणे आणि नित्याची नोंद

हिंदमाता म्हटलें म्हणजे मुंबईकराच्या डोळ्यांपुढें दोन गोष्टी उभ्या राहतात: एक कापडाचीं दुकानें, आणि दुसरी, पावसाळ्यांत सांचणारें गुडघाभर पाणी. दादर आणि परळ यांच्या मधल्या ह्या नाक्याला एका चित्रपटगृहावरून नांव पडलें. पण तेथील पाण्याचें मूळ त्या चित्रपटगृहाहून पुष्कळ जुनें आहे. आषाढांत मोठी सर आली आणि त्याच वेळीं समुद्राला भरती असली, कीं ह्या बशीसारख्या सखल भागांतल्या पाण्याला बाहेर पडावयास वाट मिळत नाहीं. महानगरपालिकेनें अलीकडे परळच्या सेंट झेवियर मैदानाखालीं आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखालीं मोठाल्या टांक्या बांधून तें पाणी भरती ओसरेपर्यंत धरून ठेवण्याची योजना केली आहे. शहराचा हा मधला तुकडा अजून भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानें चालतो, हें पावसाळ्यांत कोणालाहि पटतें. हिंवाळ्यांत तीच गोष्ट सांगावयास पक्षी येतात.

हिंदमाता नाक्यापासून पूर्वेस भोईवाडा ओलांडून, शिवडी स्टेशनावरून बंदराकडे गेलें, तर तासाभराच्या चालीवर मुंबईचा पूर्वकिनारा लागतो. हा किनारा चौपाटीसारखा नव्हे. येथें वाळू नाहीं, भेळेच्या गाड्या नाहींत. डागडुजीसाठीं ओढून ठेवलेलीं जुनीं गलबतें, गोदामांच्या भिंती, आणि समोर माहुलकडील तेलशुद्धीच्या कारखान्यांचीं धुराडीं, असा सारा देखावा. ओहोटी लागली, कीं पाणी मागें मागें हटत जातें आणि दृष्टि पोंचेल तेथवर काळाकरडा चिखल उघडा पडतो. मार्गशीर्ष-पौषापासून वैशाखापर्यंत ह्या चिखलावर हजारों रोहित पक्षी उतरलेले दिसतात. गुजरातेंत ज्यांस सुरखाब आणि इंग्रजींत फ्लेमिंगो म्हणतात, तेच हे. काठीसारखे उंच पाय, वाटेल तशी वळणारी मान, मध्येंच खालीं वांकलेली चोंच, आणि मिटलेल्या पंखांत दडलेला लाल रंग. थवा उडाला म्हणजे तो रंग एकदम उघडा होतो, आणि बंदरावर उभे असलेले हमालसुद्धां क्षणभर हातांतलें काम थांबवून वर पाहतात.

लोक हे पक्षी पाहावयास मुलांबाळांसह येतात, छायाचित्रें घेतात, आणि दुर्मिळ पक्षी पाहिला म्हणून समाधानानें घरीं जातात. हा ‘दुर्मिळ’ शब्द ऐकला म्हणजे प्रस्तुत लेखकास नेहमीं एक प्रश्न पडतो. दुर्मिळ म्हणजे कोणत्या काळीं, आणि कोणाच्या हिशेबानें? त्याचें उत्तर शोधूं गेल्यास मुंबईच्या किनाऱ्याचा एक निराळाच इतिहास हातीं लागतो. तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

सात बेटांची मुंबई ही कथा शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. त्या कथेंत बेटांचीं नांवें येतात. बेटांच्या मध्यें जें होतें त्याचें नांव सहसा येत नाहीं. तें खाजण होतें. भरतीला पाण्याखालीं जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खारी दलदल, तिच्या कडेनें तिवरांची झाडी, आणि जेथें सोय असेल तेथें मिठागरें, असा तो मुलूख होता. वरळीची खिंड बंद करणारा हॉर्नबीचा बांध अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. माहीमचा कॉजवे १८४५ सालीं खुला झाला. आणि बेटांच्या पोटांतली दलदल हळूहळू भरून निघाली. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, तेव्हांपासून पूर्वकिनाऱ्याचीहि पाळी आली. माझगांवपासून शिवडीपर्यंतची मोठी भरणी १९१२ च्या सुमारास पुरी झाली आणि तिच्यावर आगगाडीचे रूळ व गोदामें उभीं राहिलीं. आज हिंदमात्याच्या रस्त्यावर जें पाणी सांचतें, तें ह्याच जुन्या सखल भूमीचा माग काढीत येतें; आणि शिवडीचा चिखल म्हणजे भरणीच्या हातून सुटलेला त्याच किनाऱ्याचा अवशेष होय.

गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ सालीं. मराठींतल्या शहरवर्णनाचे हे मूळपुरुष. रस्ते, देवळें, तलाव, बाजार, ज्ञाती आणि धंदे यांची हकीकत ज्यास हवी असेल त्यानें आजहि त्यांच्याकडेच जावें. परंतु किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची मोजदाद हा त्यांचा विषय नव्हता. खाजण भरलें म्हणजे इतके एकर जमीन मिळाली, असा हिशेब सरकारी दप्तरांत लिहिला गेला. त्याच भरणीखालीं कोणाचें चरण्याचें रान गेलें, हा हिशेब लिहिण्याची त्या काळीं रीतच नव्हती. हिशेबाची ही दुसरी बाजू लिहिण्याचा उद्योग सुरू झाला तो ज्या संस्थेमुळें, तिच्याकडे आतां वळूं.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकीं सहा युरोपियन होते. उरलेले दोघे मराठी डॉक्टर. पहिले डॉ. आत्माराम पांडुरंग. व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे हे धाकटे बंधु आणि १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे आणि मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूचि तयार करणारे विद्वान. ज्या रखमाबाईंच्या खटल्यानें पुढें सारा महाराष्ट्र हालला, त्यांचे हे सावत्र वडील. समाजसुधारणा, वैद्यक आणि व्याकरण यांच्या इतिहासांत ह्या घराण्यांचीं नांवें आपण अगत्यानें घेतों. परंतु पशुपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या देशांतल्या एका अग्रगण्य संस्थेच्या पाळण्याशीं दोन मराठी माणसें उभीं होतीं, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतहि फारशी ठाऊक नसते.

त्या काळीं पक्षी ओळखणें म्हणजे बहुधा पक्षी मारणें असे. मारलेल्या पक्ष्याची कातडी सोलून, तींत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधावयाची आणि ती फडताळांत ठेवावयाची. चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि मिळविणाऱ्याचें नांव. आजच्या दृष्टीनें ही रीत क्रूर वाटते, आणि ती तशी होतीहि. परंतु ह्या चिठ्ठीचें महत्त्व कमी लेखतां येत नाहीं. अमुक पक्षी अमुक दिवशीं अमुक खाडीवर होता, एवढें एकच वाक्य त्या चिठ्ठीवर असे. आणि पुराव्यानिशी लिहिलेलें असें एक वाक्य वर्णनाच्या शंभर पानांहून इतिहासकारास अधिक उपयोगी पडतें. १८८६ पासून सोसायटीचें जर्नल निघूं लागलें व अशा नोंदींना छापील घर मिळालें. सोसायटीच्या कचेरींत त्या वेळीं मेलेले पक्षी होते तसा एक जिवंतहि होता. ‘विल्यम’ नांवाचा एक गरुड-धनेश १८९४ पासून १९२० पर्यंत तेथें राहिला, आणि आजहि धनेश हेंच संस्थेचें चिन्ह आहे.

सोसायटीच्या संस्थापकांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन नांवाचा एक गृहस्थ होता. त्याचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास झाला. कांहीं वर्षें त्यानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें आणि पुढें तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यांत गेला. मीठ खात्याचा अधिकारी म्हणजे खाड्या आणि मिठागरें ह्याच त्याच्या फिरतीच्या जागा. आपल्या नांवाच्या तीन आद्याक्षरांनीं तो लिहीत असे, व त्याची लेखणी मोठी विनोदी होती. १९०० सालीं त्यानें मुंबईच्या पक्ष्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पण तें दुर्मिळ पक्ष्यांवर नव्हतें. मुंबईचे ‘सामान्य पक्षी’ हाच त्याचा विषय, आणि तेंच त्याचें नांव. दुर्मिळ कातड्यांसाठीं मैलोगणती भटकणाऱ्या मंडळींत राहून ह्या माणसानें कावळा, घार, चिमणी, गिधाड असे घराच्या सज्जांतून दिसणारे पक्षी लेखनासाठीं निवडले. ही निवड आज वाटते त्यापेक्षां पुष्कळ मोठी होती. कां, तें पुढें दिसेलच.

ह्यानंतरचें नांव वाचकांच्या परिचयाचें आहे. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं खेतवाडींत झाला, आणि त्यांचें पहिलें शिक्षण गिरगांवांतल्या मिशनच्या शाळेंत. आईबापांवेगळ्या ह्या मुलास त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनीं वाढविलें. लहान वयांत त्यानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, असें त्यानें विचारलें. मामांस सांगतां येईना, म्हणून त्यांनीं त्याला चिमणीसह सोसायटीच्या कचेरींत धाडलें. तेथले चिटणीस मिलर्ड यांनीं मुलाला हांकलून न देतां फडताळें उघडून सारा संग्रह दाखविला. ही गोष्ट पुष्कळदां सांगितली जाते ती मुलाच्या कुतूहलासाठीं. प्रस्तुत लेखकास तींत फडताळाचें महत्त्व अधिक दिसतें. कोणी तरी आधीं जपून ठेवलें होतें, म्हणून मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालें.

सलीम अलींनीं पुढें बंदूक अगदींच टाकली असें नाहीं. परंतु त्यांच्या हातून पक्षिनिरीक्षणाची रीत पालटली. बंदुकीच्या जागीं दुर्बीण आणि फडताळाच्या जागीं वही आली. १९२६ पासून ते प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयांत निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते होते. नोकरी सुटल्यावर ते मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गांवीं राहिले, आणि तेथें १९३० सालीं त्यांनीं सुगरणीच्या घरट्यांचें जें निरीक्षण केलें तें प्रसिद्धच आहे. एका झाडापाशीं महिनेच्या महिने बसून राहणें, आणि रोज दिसणाऱ्या पक्ष्याची रोज नोंद करणें, हीच त्यांतली सारी विद्या. १९३६ पासून हुमायून अब्दुलअली यांच्यासह त्यांनीं सोसायटीच्या जर्नलांत मुंबई आणि साष्टी येथील पक्ष्यांची यादी क्रमशः प्रसिद्ध केली. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरचें सुप्रसिद्ध पुस्तक निघालें. १९४५ सालीं ते कच्छच्या मोठ्या रणांत रोहितांच्या वसाहतीपर्यंत गेले. तेथें चिखलाचीं बुटक्या रांजणासारखीं एक लाखाहून अधिक घरटीं असावींत, असा त्यांचा अंदाज होता. रोहित हा त्या वेळीं मुंबईकराच्या लेखीं रणांतला पक्षी. त्याला पाहावयाचें तर तिकडे जावें.

मग तो शिवडीस कसा आला? १९९० नंतरच्या दशकांत पक्षिनिरीक्षकांस शिवडीच्या चिखलावर रोहितांचे थवे दिसूं लागले. आरंभीं ही वार्ता नवलाची होती. पण थवे दर हिंवाळ्यास येऊं लागले, वाढले, आणि २०१९ च्या सुमारास ठाण्याच्या खाडींतील व आसपासच्या रोहितांची संख्या एक लाखाच्या वर मोजली गेली. त्यांत धाकटा रोहितच बहुसंख्य. थोरला रोहित उंच, फिका, गुलाबी चोंचीचा. धाकटा बुटका, अधिक लाल, आणि त्याची चोंच काळपट किरमिजी. सर्व जगाचा विचार केल्यास हा धाकटा संकटाच्या उंबरठ्यावरचा पक्षी समजला जातो. आफ्रिकेंतील खाऱ्या सरोवरांनंतर त्याचा मोठा आश्रय पश्चिम भारतांतच आहे.

त्याच्या येण्याचें कारण मुंबईकराच्या अभिमानाला फारसें पोषक नाहीं. धाकटा रोहित मुख्यतः पाण्यांतल्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो. तो चोंच उलटी करून पाण्यांत घालतो, जिभेनें पाणी आंत ओढतो व बाहेर ढकलतो, आणि चोंचीच्या कडेला असलेल्या बारीक चाळणींत शेवाळ अडकून राहतें. पिसांचा रंगहि ह्याच अन्नांतून येतो; पिलें मळकट करड्या रंगाचीं असतात आणि पुढें खाऊन खाऊन गुलाबी होतात. अशा शेवाळाला खत पाहिजे. तें ठाण्याच्या खाडीला शहराच्या सांडपाण्यांतून मिळालें, असें अभ्यासकांचें मत आहे. आपण जें घाण म्हणून खाडींत सोडलें, त्यावर ही गुलाबी पंगत बसली! अर्थात् सांडपाणी वाढेल तसे पक्षीहि वाढतील असा हिशेब कोणी मांडूं नये. एका मर्यादेपलीकडे तेंच पाणी शेवाळालाहि मारक ठरतें, आणि कारखान्यांच्या विषारी द्रव्यांनीं कोणाचेंच पोषण होत नाहीं.

रोहितांच्या झगमगाटांत शिवडीच्या बाकीच्या पाहुण्यांकडे सहसा लक्ष जात नाहीं. ज्यास हा किनारा खरोखर वाचावयाचा असेल, त्यानें थव्यावरून नजर काढून जवळच्या चिखलाकडे पाहावें. आंखूड चोंचीचा चिखल्या चार पावलें धांवतो, थांबतो, वरच्या वर एक किडा टिपतो. तुतवार त्याहून लांब चोंचीनें चिखलाच्या थराखालीं चांचपतो. विळ्यासारख्या लांब चोंचीचा कोरल खेंकड्याच्या बिळांत खोल शिरतो. उचाटाची चोंच टोंकाशीं वर वळलेली. तो ती उथळ पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवितो. एकाच ताटांत चौघे जेवावयास बसावे आणि प्रत्येकाचा घास निराळा असावा, तशी ही व्यवस्था आहे. ह्यांतले कित्येक सैबेरियाच्या बर्फाळ प्रदेशांत किंवा मध्य आशियाच्या पठारांवर पिलें वाढवून येथें येतात. गिरगांव चौपाटीवर आणि गेटवेच्या समुद्रावर थंडींत जे कुरव दिसतात, त्यांतले तपकिरी डोक्याचे तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांवरून उतरलेले असतात. त्यांना आपण हौसेनें शेव-गांठ्या चारतों, आणि इतक्या दूरच्या पाहुण्याला फरसाणाची संवय लावतों. ती मोडावी हें बरें. अलिबागेकडे आक्षीच्या वाळूवर कालवफोड्या नांवाचा काळापांढरा, लाल चोंचीचा पाहुणा थंडींत येतो. त्याचें नांवच त्याचा धंदा सांगतें.

ह्या सर्वांचें घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी, आणि तिचें गणित कोळ्यांच्या घरांत तिथीवरून चालतें. मुंबईंत पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते, म्हणून चिखल सकाळीं व सायंकाळीं उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास तो माध्यान्हीं उघडतो. पक्षी पाहावयास निघणाऱ्यानें म्हणूनच घड्याळाबरोबर पंचांगहि पाहावें. पूर्ण ओहोटीला गेल्यास पक्षी दूर पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे दिसतात. भरती चढूं लागली म्हणजे पाणीच त्यांना चरतां चरतां किनाऱ्याजवळ आणून सोडतें.

असो. आतां एटकेनच्या निवडीकडे परत येऊं. त्याच्या १९०० सालच्या मुंबईंत गिधाड हा सामान्य पक्षी होता. मलबार टेकडीवर पारशी समाजाच्या दोखम्यांभोंवतीं गिधाडें जमत, आणि त्यांचें कोणास नवल वाटत नसे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हीं गिधाडें देशभर भराभर नाहींशीं झालीं. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून त्यांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. जनावरांसाठीं ह्या औषधाच्या वापरावर २००६ सालीं बंदी आली; तोंवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतलें एकहि धड उरलें नव्हतें. म्हणजे ज्या दशकांत दुर्मिळ रोहित शिवडीला नित्याचा झाला, त्याच दशकांत नित्याचें गिधाड दुर्मिळ झालें. आज मुंबईच्या आकाशांत एखादें गिधाड दिसलें, तर त्याची वार्ता होईल.

दुर्मिळपणा हा पक्ष्याचा अंगचा गुण नव्हे, असें यावरून ध्यानांत येतें. तो काळाचा, किनाऱ्याचा आणि आपल्या वागणुकीचा परिणाम आहे. आणि दुसरी गोष्ट अशी, कीं गिधाड गेलें हें आपणांस खात्रीनें सांगतां येतें, तें पूर्वीं होतें असें कोणी लिहून ठेवलें म्हणूनच. जो पक्षी रोज दिसतो त्याची नोंद करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तो गेला म्हणजे मग किती होते, कोठें होते, केव्हांपासून कमी झाले, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं. मुंबईच्या बेटांमधलीं खाजणें भरलीं तेव्हां हेंच झालें. त्या दलदलींत हिंवाळ्याच्या सकाळीं काय काय उतरत होतें, हें सांगणारी वही कोणी ठेवलेली नाहीं. दुर्मिळाचा इतिहास लिहावयाचा तर नित्याची नोंद हवी.

हा प्रश्न केवळ जुन्या काळचा नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्यें ठाणे खाडी रोहित अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १,६९० हेक्टर. २०२२ सालीं ह्या खाडीला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. तत्पूर्वींच, २००५ सालीं, मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीवर बंदी घातली होती. हें सर्व अभिनंदनीय आहे. परंतु हें अभयारण्य ऐरोली आणि वाशी येथील पुलांच्या दरम्यान आहे. ज्या शिवडीच्या चिखलानें रोहितांची मुंबईशीं ओळख करून दिली, तो त्याच्या सीमेबाहेर राहिला. त्याच चिखलावरून १२ जानेवारी २०२४ रोजीं २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. शिवडीकडच्या भागावर आवाज अडविणारे पडदे बसविण्यांत आले आहेत. मोठी भरती आली म्हणजे चिखल बुडतो आणि रोहितांना विसाव्यासाठीं दुसरें उथळ पाणी लागतें. त्यासाठीं ते नवी मुंबईंत नेरूळकडच्या तळ्यांवर जातात, आणि तीं तळीं टिकावींत म्हणून तेथल्या नागरिकांस झगडावें लागलें आहे. मे २०२४ मध्यें घाटकोपरवरून उडणारा एक थवा उतरत्या विमानाला धडकून सुमारें चाळीस रोहित एका रात्रींत मेले.

पूल नको होता काय, ह्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. ज्या शहरांतले लाखों लोक रोज आगगाडीला लोंबकळून कामास जातात, त्याला रस्ते लागणारच. मुद्दा एवढाच, कीं पुलानें काय केलें हें उद्यां सांगतां येईल तें पुलाच्या आधींच्या मोजण्या हातीं असल्या तर. सोसायटीच्या अभ्यासकांनीं ह्या खाडींत अशा मोजण्या वर्षानुवर्षें केल्या आहेत. म्हणून पूर्वीं खाजणें भरतांना जो आंधळेपणा झाला तो ह्या वेळीं सर्वस्वीं झालेला नाहीं. परंतु मूठभर अभ्यासकांच्या डोळ्यांनीं सारा किनारा पाहून होत नाहीं. १९८७ पासून दर जानेवारींत आशियांतल्या पाणपक्ष्यांची गणना होते, आणि तींत हौशी माणसांनाहि भाग घेतां येतो. माहीमची खाडी, वरळीचे खडक, शिवडीचें बंदर, घराजवळचें तळें, कोणतीहि जागा चालते. तीच जागा दर वर्षीं मोजली पाहिजे, एवढीच अट.

ह्या कामीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांनीं करण्याजोगें पुष्कळ आहे. जमाखर्चाची, दुधाची, धोब्याची वही ठेवणारीं घरें मुंबईंत कांहीं थोडीं नव्हतीं. तशीच एक वही ह्या पाहुण्यांसाठीं असावी. तींत तारीख, तिथि, वेळ, भरती कीं ओहोटी, पक्षी आणि अंदाजी संख्या, एवढे रकाने पुरे. नांव शक्यतों मराठीं लिहावें. ठाऊक नसेल तर बंदरावरच्या कोळ्याला विचारावें. १८८३ च्या त्या बैठकीस दोन मराठी डॉक्टर हजर होते, पण पुढच्या नोंदी बहुतेक इंग्रजींतच झाल्या, आणि पक्ष्यांचीं मराठी नांवें कोळीवाड्यांत व आगरांत तोंडीं राहिलीं. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्यांनीं आयुष्य वेंचून असे शब्द पुन्हां साहित्यांत आणले. परंतु रानावनांतले शब्द गोळा करणारा जसा एक भेटला, तसा खाडीच्या चिखलाचे शब्द वेंचणारा अजून भेटावयाचा आहे.

गेल्या पौषांत अष्टमीच्या सुमारास प्रस्तुत लेखक शिवडी बंदरावर गेला असतां, लालबागेच्या चाळींतले एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीस घेऊन आलेले भेटले. ओहोटी संपून पाणी चढूं लागलें होतें आणि रोहित चरत चरत जवळ येत होते. नात दहा-दहांचे गट करून मोजत होती आणि आजोबा वहींत रेघा ओढीत होते. तेवढ्यांत शेजारच्या गलबतावर कावळे येऊन बसले. ‘आजोबा, कावळे पण लिहायचे?’ तिनें विचारलें. ‘लिहायचे. किती आहेत?’ आजोबांनीं वहीचें पान उलटलें, आणि ती गलबताकडे वळून पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागली.